इंजिनाचं मिश्रण मोजणारं गेज कोणतं घ्यावं?

प्रश्न : आमचं छोटं गॅरेज आहे. वडील जुन्या बुलेटची कामं करतात, मी इंजेक्शनच्या गाड्या बघतो. वडील प्लगचा रंग बघून जेट ठरवतात. पण अलीकडे तीच गाडी आणि तेच जेट असूनही थ्रॉटल दिल्यावर इंजिन अडखळतं, लांब पल्ल्यावर जास्त तापतं. म्हणून वाइडबँड गेज घ्यायचा विचार आहे. बाजारात बरेच प्रकार आहेत. डायल सगळ्यांचे सारखेच दिसतात, किमतीत मात्र मोठा फरक. नेमकं काय बघून घ्यावं? नव्या गाड्यांना ऑक्सिजन सेन्सर असतोच, मग त्यावर काम का भागत नाही? आणि वडील विचारतात, प्लगवरून कळतं त्याहून वेगळं हे गेज काय सांगणार?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

प्लगवरचा रंग बऱ्याच मिनिटांचा मिळून तयार होतो. गाडी पूर्ण थ्रॉटलवर पळवली, मग गावातून हळूहळू आणली आणि गॅरेजच्या दारात आयडलवर उभी केली, तर प्लगवर दिसते ती आयडलची काजळी. मोकळ्या रस्त्यावर काय घडलं ते तिच्याखाली झाकलं जातं. म्हणूनच जाणते मेकॅनिक गाडी पूर्ण थ्रॉटलवर नेऊन, क्लच दाबून, त्याच क्षणी इंजिन बंद करतात आणि तिथेच प्लग काढून बघतात. ही पद्धत अस्सल आहे. पण एका वेळी ती थ्रॉटलच्या एकाच जागेचं उत्तर देते आणि तेही ‘कमी’ किंवा ‘जास्त’ एवढंच. वाइडबँड गेज आयडलपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंत चालत्या गाडीत आकडा देतं. हा आकडा कुठून आला हे मात्र गेजला माहीत नसतं. थ्रॉटल जेमतेम उघडलेला असताना पायलट जेट काम करतं, मधल्या टप्प्यात नीडल आणि शेवटच्या चतुर्थांशात मेन जेट, हे ज्ञान वडिलांचं आहे. मोजमाप गेजनं करावं आणि स्क्रू कुठला फिरवायचा ते वडिलांनी ठरवावं. दोन्ही मिळून काम नेमकं होतं.

गाडीतला सेन्सर आणि वाइडबँड

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण वजनाचं आहे. हवा यापेक्षा जास्त झाली तर मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं तर रिच. प्रत्यक्ष हवेला गरजेच्या हवेनं भागलं की येतो तो लॅम्डा. लॅम्डा १ म्हणजे बरोबर, १ पेक्षा कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन.

बॉशनं तयार केलेला लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारीत पहिल्यांदा आला. आज आपल्याकडच्या बीएस६ दुचाकींत बसतो तो बहुतेक त्याच जातीचा, नॅरोबँड. त्याचं काम मर्यादित आहे. मिश्रण रिच असेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास देतो, लीन असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, आणि लॅम्डा १ ओलांडताना एकदम उडी मारतो. रिच आहे हे तो सांगतो, पण लॅम्डा ०.९५ आहे की ०.८० हे त्याला भरवशानं सांगता येत नाही. आमटीत मीठ जास्त पडलंय एवढं सांगणारा आणि किती चिमूट जास्त पडलंय ते सांगणारा यांच्यात जेवढा फरक, तेवढा नॅरोबँड आणि वाइडबँडमध्ये. कंपनीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, एकसारख्या वेगाला लॅम्डा १ च्या आसपास राहायचं असतं, त्याला नॅरोबँड पुरतो. पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू त्याच्याकडे बघत नाही, आधी भरून ठेवलेल्या तक्त्यानुसार पेट्रोल सोडतो. तुम्ही एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बदललात, तर ट्युनिंगची गरज नेमकी त्याच टप्प्यात पडते आणि तिथे गाडीतल्या सेन्सरचा उपयोग होत नाही.

वाइडबँड मोजतो कसं

हे समजलं की गेज निवडणं निम्मं सोपं होतं. झिर्कोनिया नावाचं सिरॅमिक खूप तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये याच जातीच्या सिरॅमिकचा दिवा बनवला होता. पुढे १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. नॅरोबँडमध्ये असा एकच सेल असतो. त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला सायलेन्सरकडे जाणारा वायू, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकातून व्होल्टेज तयार होतं.

वाइडबँडमध्ये त्याला जोडून दुसरा सेल असतो, पंप सेल. दोहोंच्या मधोमध एक बारीक पोकळी असते आणि जळालेला वायू तिच्यात सावकाश झिरपतो. कंट्रोलरचं काम त्या पोकळीतलं मिश्रण कायम लॅम्डा १ वर ठेवण्याचं. वायूत ऑक्सिजन उरलेला असेल तर पंप सेल तो बाहेर काढतो. पेट्रोल जास्त असेल, म्हणजे अर्धवट जळालेला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असेल, तर तो ऑक्सिजन आत ढकलतो. त्यासाठी विजेचा जो प्रवाह लागतो, त्यावरून लॅम्डा काढला जातो. लीन असताना प्रवाह एका दिशेला, रिच असताना उलट दिशेला आणि लॅम्डा १ वर शून्य.

म्हणजे आकडा तयार होतो तो सेन्सर आणि कंट्रोलर यांच्यात. डायल फक्त तो दाखवतो. किमतीतला फरकही बहुतांशी या दोन गोष्टींचा असतो आणि खरेदी करताना लक्षही तिथेच द्यायला हवं.

दुकानात काय विचारावं

पहिला प्रश्न : आत सेन्सर कोणता? सध्या बॉशचा एलएसयू ४.९ असलेलं गेज घ्यावं. त्याआधीचा एलएसयू ४.२ तुलनेसाठीची हवा बाहेरून, वायरिंगच्या बाजूनं घेत असे. तिथे तेलाची वाफ किंवा घाण पोचली की आकडा हळूहळू सरकायचा. शिवाय तो अधूनमधून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावा लागायचा. ४.९ मध्ये तुलनेचा ऑक्सिजन सेन्सर स्वतःच पंप करून साठवतो, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला. प्रत्येक सेन्सर कारखान्यात तपासून त्याच्या कनेक्टरमध्ये जुळणीचा रेझिस्टर बसवलेला असतो. म्हणून वायर लहान-मोठी करायला कनेक्टर कधीही कापू नये. कापला की ती जुळणी गेली. एनटीकेचेही उत्तम वाइडबँड सेन्सर आहेत, पण कंट्रोलर त्याच सेन्सरसाठी बनलेला असायला हवा. एकाचा सेन्सर दुसऱ्याला लावता येत नाही.

सेन्सर अस्सल असल्याची खात्री करा. बॉशच्या नावानं नकली सेन्सर विकले जातात आणि नकली सेन्सर सुरुवातीला ठीकच आकडा दाखवतो. अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्या. पुढे सेन्सर बदलावा लागणारच, म्हणून तो सुटा मिळतो का, हेही आधीच विचारून ठेवा.

दुसरा प्रश्न : कंट्रोलर तापमान कसं सांभाळतो? एलएसयू ४.९ चं सिरॅमिक सुमारे ७८० अंश सेल्सिअसवर ठेवावं लागतं. चांगला कंट्रोलर सेलचा अंतर्गत रोध सतत मोजून हीटरची वीज कमी-जास्त करतो. गाडी वेगात असताना किंवा पाऊस पडत असताना पाइप थंड-गरम होतो, तरी आकडा सरकत नाही. सुरुवातीला सेन्सर तापवताना तो विजेचा डोस हळूहळू वाढवतो, कारण पाइपात साचलेल्या पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला तर ते तडकतं. माहितीपत्रकात सेन्सरचं नावच नसेल आणि फक्त रंगीत दिव्यांचं कौतुक असेल, तर ते गेज घेऊ नका.

तिसरा प्रश्न : आकडा बाहेर कसा काढता येतो? गॅरेजसाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण गाडी चालवताना डायलकडे बघून ट्युनिंग करणं धोक्याचं तर आहेच, शिवाय ते जमतही नाही. सहा हजार आरपीएमला चार-स्ट्रोक सिलिंडरमध्ये सेकंदाला पन्नास वेळा स्फोट होतो. डोळ्याला त्यातलं काय टिपता येणार? आरपीएम आणि थ्रॉटलच्या जोडीनं लॅम्डाची नोंद झाली, तर संध्याकाळी शांतपणे बसून कुठे लीन, कुठे रिच ते पाहता येतं. बहुतेक गेज ० ते ५ व्होल्टचा सिग्नल देतात. सोपी गोष्ट आहे, पण तिच्यात एक खोट आहे. समजा ० ते ५ व्होल्ट म्हणजे १० ते २० एवढं प्रमाण. आता गेजचं अर्थिंग एकीकडे आणि ईसीयूचं दुसरीकडे असेल, तर त्या दोन अर्थमधला ०.१ व्होल्टचा फरकही ०.२ ची चूक घडवतो. डायलवर १२.८ आणि लॅपटॉपवर १३.० दिसतं, आणि माणूस लॅपटॉपवर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो. म्हणून गेजचं अर्थ ईसीयूच्या अर्थपाशीच जोडा. कॅन-बसवरून, म्हणजे गाडीतल्या डिजिटल जोडणीवरून, आकडा जात असेल तर तो आकड्याच्याच रूपात जातो, ही चूक होतच नाही. एईएमच्या एक्स-सीरीज गेजमध्ये ० ते ५ व्होल्ट आणि कॅन-बस दोन्ही मिळतात. इनोव्हेटचा एलसी-२ हा डायलशिवायचा कंट्रोलर आहे, त्याला दोन अॅनालॉग आउटपुट आहेत आणि त्यातलं एक नॅरोबँडसारखा सिग्नल देऊ शकतं. तुमच्याकडे गाड्या बदलत राहणार, त्यामुळे डॅशबोर्डवर कायमच्या बसणाऱ्या डायलपेक्षा नोंद ठेवणारा संच तुमच्या जास्त कामाचा.

चौथा प्रश्न डायलचा, आणि त्याला वेळ कमी द्या. भर उन्हात आकडा वाचता यावा आणि लॅम्डा दाखवायची सोय असावी, एवढं पुरे.

लॅम्डातच बोला

हा मुद्दा मी आग्रहानं मांडतो, कारण तुमच्या बुलेटच्या दुखण्याचं मूळ बहुधा इथेच आहे.

१४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा. इथेनॉलला मात्र दर किलोला साधारण ९ किलोच हवा लागते, कारण ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याकडे ई२० पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभरात २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं गेलं. ई२० ला पूर्ण जळायला दर किलोला सुमारे १३.५ किलो हवा पुरते. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बरोबर बसवलेलं कार्ब्युरेटर ई२० वर साधारण ६ ते ८ टक्के लीन पडतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ही तूट काही प्रमाणात भरून काढतो. कार्ब्युरेटरला ही सोय नाही. त्याच्या जेटमधून पूर्वीइतकंच इंधन येतं. थ्रॉटल दिल्यावर अडखळणं आणि जास्त तापणं ही दोन्ही लक्षणं याच्याशी जुळतात. तरी इनटेक मॅनिफोल्डच्या रबरातून हवा घुसत नाही ना, ते आधी बघून घ्या, कारण त्याचीही लक्षणं हीच.

आता गेजची गफलत लक्षात घ्या. सेन्सरला फक्त लॅम्डा कळतो. टाकीत कुठलं इंधन आहे हे त्याला कळत नाही. बहुतेक गेज लॅम्डाला १४.७ नं गुणून डायलवर दाखवतात. ई२० वर लॅम्डा ०.८७ असेल तर गेज १२.८ दाखवेल, खरं प्रमाण मात्र ११.७ असेल. एखाद्यानं वाचलं की ई२० ला आकडे खाली असतात, आणि तो डायलवर ११.७ येईपर्यंत पेट्रोल वाढवत गेला, तर लॅम्डा ०.८० च्या खाली जाईल. प्लग ओला, धूर काळा, ॲव्हरेज पडलेलं. लॅम्डा वापरला तर हा घोळच उरत नाही. पेट्रोल पंप बदलला, इथेनॉलचं प्रमाण बदललं, तरी ०.८७ चा अर्थ तोच.

जेट किती वाढवायचं याचा हिशोबही यातून निघतो. पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा ०.९४ आहे आणि तुम्हाला ०.८८ हवा आहे, तर पेट्रोल सुमारे ७ टक्क्यांनी वाढवायला हवं. जेटवरचा आकडा छिद्राच्या व्यासाचा असेल तर छिद्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, त्यामुळे व्यास साडेतीन टक्के वाढला तरी पुरतो. आकडा प्रवाहाचा असेल तर सरळ सात टक्के. अंदाजानं चार जेट बदलून बघण्यापेक्षा हे बरं.

सेन्सर कुठे बसवावा

उत्तम गेज चुकीच्या जागी बसवलं तर चुकीचंच सांगतं. बेंड पाइपला १८ मिलिमीटर, दीड पिचच्या आट्यांचा स्टीलचा बॉस वेल्ड करून घ्या. लेथवाला सहज बनवून देईल. जागा एक्झॉस्ट पोर्टपासून इतकी दूर हवी की सेन्सरचा गळा अति तापणार नाही, आणि उघड्या टोकापासून इतकी आत हवी की बाहेरची हवा तिथवर पोचणार नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी. सेन्सर पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश उभा असावा, म्हणजे पाणी त्यात साचत नाही.

एकसिलिंडर इंजिनात विशेष काळजी घ्या. दोन स्फोटांच्या मधल्या वेळात पाइपातला दाब उलटतो आणि आखूड सायलेन्सर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. तेव्हा आयडलवर गेज खोटंच लीन दाखवतं. हेडजवळची गॅस्केट किंवा पाइपाचा जोड फुंकत असेल तरी तेच. म्हणून सेन्सर लावण्याआधी सगळे जोड साबणाच्या पाण्यानं तपासून घ्या.

वीज इग्निशननंतरच्या लाइनवरून, फ्यूज टाकून घ्या. जुन्या बुलेटची चार्जिंग व्यवस्था अशक्त असते आणि तापतानाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात हीटर चांगला प्रवाह खेचतो. शक्यतो चाचणीच्या वेळी स्वतंत्र बॅटरी वापरा. सेन्सर पाइपात ठेवून वीज न देता गाडी चालवू नका. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो लवकर निकामी होतो. काम झालं की सेन्सर काढून त्या जागी बोल्ट लावा.

कोणता आकडा गाठायचा

हवेनं थंड होणाऱ्या बुलेटला आयडलवर लॅम्डा ०.९० ते ०.९८, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात ०.९५ च्या आसपास आणि पूर्ण थ्रॉटलवर ०.८६ ते ०.९०. पाण्यानं थंड होणारं इंजेक्शनचं इंजिन एकसारख्या वेगात निवांत १ वर चालतं. पूर्ण थ्रॉटलवर थोडं जास्त पेट्रोल लागतं याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे थोड्या रिच मिश्रणावर ताकद सगळ्यांत जास्त मिळते. दुसरं म्हणजे जादा पेट्रोलची वाफ होताना सिलिंडरमधली उष्णता खेचली जाते आणि नॉकिंग टळतं. पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा १ ठेवून लांब चढ चढणं हा पिस्टन गमवायचा मार्ग आहे.

उंचीही ध्यानात ठेवा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बसवलेलं कार्ब्युरेटर महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटरवर, पाच-सात टक्के रिच पडतं, कारण हवा विरळ होते. तेव्हा ग्राहक जिथे रोज गाडी चालवतो तिथल्या उंचीवर आकडा बसवा.

आणि शेवटची, फार मोलाची सूचना. मिसिंग असताना गेजवर विश्वास ठेवू नका. सेन्सरला ऑक्सिजन कळतो. मिश्रण पेटलंच नाही तर त्यातला सगळा ऑक्सिजन न जळता सेन्सरपाशी येतो आणि गेज लीन दाखवतं. प्लग जास्त पेट्रोलनं ओला होऊन मिसिंग सुरू झालं असेल तरीही लीनच. आकड्यावर विसंबून पेट्रोल वाढवलं की मिसिंग आणखी वाढतं. कान आणि प्लग इथे गेजच्या पुढे आहेत. थ्रॉटल सोडून उतारावर गाडी आली की गेज अगदी टोकाचं लीन दाखवतं, त्याकडेही दुर्लक्षच करायचं. तिथे जळण नसतंच.

प्रश्न : माझ्याकडे जपून ठेवलेली यामाहा आरएक्स १०० आहे. तिच्यावर वाइडबँड चालेल का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : चालेल, पण त्यावर विसंबता येणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये ट्रान्सफर पोर्टमधून आलेल्या ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एक्झॉस्टमधून निसटतो. त्यामुळे गेजवरचा आकडा सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष जळालेल्या मिश्रणाचा राहत नाही. शिवाय पेट्रोलमधलं ऑइल सेन्सरवर चढतं आणि त्याचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. त्याच गाडीवर जेट बदलण्याआधी आणि नंतरची तुलना करायला थोडा वेळ सेन्सर लावायला हरकत नाही. पूर्ण थ्रॉटलचा निर्णय मात्र प्लग, पिस्टनच्या माथ्याचा रंग आणि सिलिंडर हेडचं तापमान यांवरच घ्या. टू-स्ट्रोक लीन झाली तर सीझ व्हायला फार वेळ लागत नाही. तुमच्यासाठी गेजपेक्षा हेडचं तापमान दाखवणारं मीटर ही चांगली गुंतवणूक आहे.

प्रश्न : मी हॅचबॅकला टर्बो बसवून घेतला आहे, ट्रॅकवर चालवण्यासाठी. गेज पाहून ट्युनिंग सुरक्षित झालं असं म्हणता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. सेन्सर टर्बोच्या पुढे, डाउनपाइपमध्ये बसवा. टर्बोच्या आधी बसवला तर तिथला दाब पंप सेलचा प्रवाह फुगवतो, म्हणजे रिच जास्त रिच आणि लीन जास्त लीन दिसतं. उष्णताही सेन्सरला सोसत नाही. पूर्ण बूस्टवर लॅम्डा ०.७८ ते ०.८२ हा नेहमीचा सुरक्षित पट्टा आहे.

पण सेन्सर चारही सिलिंडरांची सरासरी दाखवतो. एक इंजेक्टर अर्धवट चोक झाला असेल तर ते सिलिंडर एकटं लीन पडतं आणि सरासरी ठीकच दिसते. इग्निशन टायमिंग पुढे गेलं असेल तर लॅम्डा अचूक असूनही नॉकिंग होतं आणि गेजला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे इंजेक्टर तपासून घ्या, नॉक सेन्सरची नोंद ठेवा आणि फ्युएल प्रेशरचं मीटर जोडा. या तिन्हींच्या जोडीला वाइडबँड असेल तरच ट्युनिंग पूर्ण. आणि गाडी रस्त्यावरही चालवणार असाल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नं आरसीतल्या नोंदींत फरक पडेल असे बदल करायला मनाई आहे, हे आधी बघा. पीयूसीही त्याच गाडीवर मिळायला हवं.

प्रश्न : गाडी सीएनजीवर आणि पेट्रोलवर अशी दोन्हींवर चालते. एकच गेज दोन्हींना चालेल का? आणि सेन्सर किती टिकतो?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लॅम्डावर लावलंत तर एकच गेज दोन्हींना चालेल. सीएनजीला दर किलोला सुमारे १७ किलो हवा लागते. तरी गाडी लॅम्डा १ वर असेल तेव्हा १४.७ नं गुणणारं गेज सीएनजीवरही १४.७ च दाखवेल. लॅम्डात बघितलंत की दोन्ही इंधनांची थेट तुलना करता येते. किट बसवणाऱ्यानं मिक्सर किंवा इंजेक्टर नीट जुळवलेत की नाही, ते एका फेरीत कळतं.

सेन्सरचं आयुष्य तो कशात ठेवला जातो यावर अवलंबून असतं. शिसं असलेलं रेसिंग किंवा विमानाचं पेट्रोल, गॅस्केटला लावलेलं साधं सिलिकॉन, रेडिएटरमधून सिलिंडरमध्ये गळणारं कूलंट आणि ऑइल खाणारं इंजिन हे त्याचे चार शत्रू. गॅस्केट लावताना ‘सेन्सर-सेफ’ लिहिलेलंच सीलंट वापरा. दर काही महिन्यांनी सेन्सर पाइपातून काढून मोकळ्या हवेत, वीज देऊन बघा. तापल्यावर त्यानं लीनच्या टोकाचा आकडा दाखवायला हवा. तिथपर्यंत पोचत नसेल किंवा पोचायला खूप वेळ घेत असेल, तर सेन्सर बदलायची वेळ झाली.

खरेदीचा क्रम

पैसे मोजके असतील तर ते या क्रमानं खर्च करा, असं मी गॅरेज चालवणाऱ्या सगळ्यांना सांगेन. आधी एलएसयू ४.९ चा अस्सल सेन्सर आणि त्याच्यासाठीच बनलेला, नोंद बाहेर देणारा कंट्रोलर. मग एक जादा सेन्सर कपाटात. त्यानंतर चांगलं अर्थिंग, फ्यूज आणि प्रत्येक नेहमीच्या ग्राहकाच्या बेंड पाइपवर बोल्टनं बंद करता येणारा बॉस, म्हणजे एकच संच सगळ्या गाड्यांवर फिरवता येईल. सगळ्यांत शेवटी डायल. आणि एक वही ठेवा : गाडी, जेट, नीडलची खाच, थ्रॉटलची जागा, लॅम्डा, त्या दिवशीची हवा. वर्षभरात ती वही तुमच्या भागातल्या गाड्यांबद्दल जे सांगेल, ते कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही.